खिंडीपलीकडचं मत

४ मार्च

खासदारबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवलं असेल, तर पुन्हा उचला. आई गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि तुम्ही खोऱ्यात पाऊल टाकलं नाहीत, तेव्हा आपली फिट्टंफाट आहे. आज लिहितोय ते भाऊ म्हणून नव्हे, मतदार म्हणून.

सकाळी पहिली गाडी काढायला स्टँडवर गेलो, तर चौकशीच्या खिडकीपाशी हा घोळका. मला वाटलं, कुणाचं तरी पाकीट मारलं. माणसं बाजूला सारून बघतो, तर भिंतीवर नकाशा. सीमा आयोगाचा मसुदा, चारी कोपऱ्यांना खळ लावून ताजा चिकटवलेला. आपल्या मतदारसंघाच्या अंगावरून एक जाड लाल रेघ गेली होती आणि आपलं खोरं, चारही गावांसकट, रेघेच्या पलीकडे होतं. पलीकडे म्हणजे कुठे? तर खिंडीपलीकडच्या डोंगरी मतदारसंघात.

मी किती वेळ तसाच उभा होतो, कुणास ठाऊक. आमच्या कंडक्टरबाई खांदा हलवून म्हणाल्या, "अहो ड्रायव्हरसाहेब, गाडी काढा. नकाशा काय पळून जातोय?"

"तो नाही पळत. आपल्यालाच पळवलंय," मी म्हटलं. त्या हसल्या, मग नकाशाकडे नीट बघितलं आणि त्यांचं हसू तिथल्या तिथे विरलं.

तुमच्या कार्यालयात हल्ली तरुण मंडळी कामाला असतात असं ऐकतो. त्यांना या मतदारसंघाचा इतिहास ठाऊक असायचं कारण नाही. त्यांना वाचायला द्या म्हणून पुढचं लिहितो.

ज्यांनी पहिला नकाशा काढला, त्यांनी हे खोरं डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. कागदावर त्यांना खिंड दिसली आणि वाटलं, हे दार आहे. म्हणून खोरं खिंडीपलीकडच्या लोकांना जोडून टाकलं. आमचा ओढा, रस्ता, बाजार, दवाखाना, सगळं उतरत उतरत शहराकडे जातं. मत तेवढं एकटं उलट्या दिशेनं डोंगर चढून जायचं, कारण मतदान केंद्र तिकडे. त्या वर्षी मतदानाच्या दिवशी धुकं होतं. खोऱ्यातली पहिली खेप घेऊन निघालेला ट्रक खिंडीतल्या वळणावर उलटून खाली गेला. ड्रायव्हरनं आधीच उडी मारली आणि तो जो पळाला तो पळालाच. मागे बसलेली पाच मोठी माणसं गेली. त्यातले एक आमचे बाबा. मदत पोचेपर्यंत दुपार टळली होती. ट्रकजवळ एकच जीव जिवंत सापडला, बाबांच्या मागे हट्ट करून गेलेली त्यांची आठ वर्षांची मुलगी. म्हणजे तू. मी तेव्हा आईच्या मांडीवर होतो.

आयोग पुढच्या खेपेला आला, तेव्हा आई त्यांच्यासमोर उभी राहिली. बाबा जाताना तुझ्याजवळ जे बोलले, ते तिनं सांगितलं: आमचं मत आमच्या खोऱ्यात. तेवढ्या चार शब्दांवर रेघ हलली. खोरं शहराला जोडलं गेलं, शाळेत मतदान केंद्र आलं, आणि ते चार शब्द गावाच्या कमानीवर रंगवले गेले. आई तीनदा निवडून आली. नंतर त्याच जागेवर तुम्ही.

शहर फुगलंय, मतदार जास्त झालेत, काहीतरी काढून शेजाऱ्याला द्यावं लागणार, हे मला कळतं. पण आमचंच खोरं? तेही खिंडीपलीकडे?

तुम्ही हा मसुदा पाहिलात का? हरकत घेणार ना?

आपला,
खोऱ्यातला एक मतदार

१७ मार्च

ताई,

आता "खासदारबाई" लिहायचंही त्राण नाही.

तुझ्या सेक्रेटरीचा फोन आला होता. बाई दौऱ्यावर आहेत म्हणाला. फार गोड बोलतो, बर्फी विकणाऱ्यासारखा. मी म्हटलं, दौरा संपला की सांगा त्यांना, भाऊ अजून जिवंत आहे.

आज पेपरात सगळ्या पक्षांची निवेदनं छापून आलीत. गाडी सुटायला अवकाश होता. कंडक्टरबाई पुढच्या सीटवर बसून मोठ्यानं वाचत होत्या. वाचता वाचता थांबल्या.

"वाचा की," मी म्हटलं.

"नको."

"वाचा हो."

मग त्यांनी वाचलं. खोरं डोंगरी मतदारसंघात टाकावं, ही सूचना आयोगाची नव्हतीच. ती तुमच्या पक्षाची. हायवेलगतची नवी वसाहत ठेवा आणि खोरं काढा, असं पक्षानं लेखी मागितलंय. खाली सही तुझी.

गाडीत सगळी आपली माणसं होती. मी गियर टाकायला हात नेला आणि भलतेच वायपर चालू केले. लख्ख ऊन होतं, आणि काचेवर वायपर कोरडेच करकरत फिरत होते. ते बंद करायचं मला सुचेना. शेवटी कंडक्टरबाईंनी हात घालून बंद केले.

आधी वाटलं, छापताना चूक झाली. मग वाटलं, सही दुसऱ्याच कुणी केली. दोन्ही वेळा मी मलाच म्हटलं, अरे, ती काही कुक्कुलं बाळ नाही. ज्यांनी बाबांना खिंडीतून पाठवलं, त्यांना निदान माहीत तरी नव्हतं. तुला तर तो उतार तोंडपाठ आहे.

एप्रिलमध्ये शहरात जाहीर सुनावणी आहे. मी नाव दिलंय. गाडीची खास खेप मागून घेतलीय, अर्धं खोरं येतंय. तू ये. समोर बस आणि ऐक.

भाऊ

९ एप्रिल

ताई,

तू तिथेच होतीस, तरी सुनावणीचं लिहितोय. माझ्या जागेवरून ते कसं दिसलं, ते तुला माहीत नाही. आणि लिहून काढल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

नगरपालिकेचं ते सभागृह, मागे पंख्यांचा घरघराट, पुढे लांब टेबल. मधोमध निवृत्त न्यायाधीश, कानाला यंत्र लावलेले. दर थोड्या वेळानं ते यंत्र शिट्टी घालायचं आणि साहेब बिचारे ओशाळून ते दाबायचे. आमची माणसं डाव्या हाताला, तुझा पक्ष उजव्या. तू पहिल्या रांगेत होतीस, करड्या साडीत. केस किती पांढरे झालेत तुझे. फोटोत दिसत नाहीत.

तुमच्या वकिलीणबाई आकडे सांगून गेल्या. मग माझं नाव पुकारलं. मी काही भाषण करणारा माणूस नव्हे. माझं बोलणं म्हणजे "पुढे सरका" आणि "दार लावा". पण त्या दिवशी बोललो. ट्रक सांगितला. धुकं सांगितलं. म्हटलं, साहेब, माझ्या बापाचा चेहरा मला आठवत नाही. माझ्याजवळ त्याचं एक वाक्य आहे तेवढं. मरताना तो म्हणाला, आमचं मत आमच्या खोऱ्यात. ते वाक्य तुम्ही पुसणार का?

आपल्या बाजूनं टाळ्या पडल्या. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, जिंकलो.

आणि तू उभी राहिलीस. तुझं नाव यादीत नव्हतं. वकिलीणबाईंनी तुझा पदर धरून खाली ओढलं, तो तू सोडवून घेतलास.

"मी तिथे होते," तू म्हणालीस. "ते असं म्हणाले नाहीत."

न्यायाधीश म्हणाले, "जरा मोठ्यानं, बाई."

मग तू मोठ्यानं म्हणालीस. "माझे वडील असं म्हणाले नाहीत. ते पाणी मागत होते. माझ्याजवळ पाणी नव्हतं. दुसरं काही ते बोलले नाहीत."

पाठीमागे बाक होतं म्हणून मी बसलो, नाहीतर फरशीवर बसलो असतो. आपल्यापैकी कुणीतरी "गप्प बस!" असं ओरडलं. न्यायाधीशांनी तुला विचारलं, हे नोंदवून घ्यायचं का? तू म्हणालीस, "घ्या नोंदवून. ते वाक्य माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. प्रत्येक सभेत मला स्टूलवर उभं करून ते म्हणायला लावायचे. त्या वाक्यावर रेघ हलली, आई निवडून आली, मी निवडून आले. आता खोऱ्यातल्या शाळेत मतदान केंद्र आहे. कुठल्याही मतदारसंघात टाका, मत तिथेच पडेल, कुणाला खिंड चढावी लागणार नाही. रेघ तुम्हाला हवी तिथे काढा. पण त्या वाक्यासाठी म्हणून काढू नका."

मग तू माझ्याकडे बघितलंस. मी नजर खाली घातली.

परतीच्या गाडीत कंडक्टरबाईंना तिकिटं फाडायचं भान नव्हतं आणि कुणी मागितलीही नाहीत. घाट अर्ध्यावर आला तेव्हा मागून दूधवाला म्हणाला, "तिनं खोटं सांगितलं आज. पक्षानं शिकवलं असणार." कुणी "हो" म्हणालं नाही. कुणी "नाही" म्हणालं नाही.

ताई, पक्षानं शिकवलं का? तसं असेल तर मी तुझं तोंड पाहणार नाही. आणि तसं नसेल तर काय करायचं, ते मला कळत नाही.

२४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. चार वेळा वाचलं आणि दर वेळी त्याच जागी अडकलो. आई तुझी वेणी घालत होती आणि वेणी घालता घालता तुला ते वाक्य म्हणायला लावत होती. चुकलीस की कंगवा थांबायचा. नीट म्हटलंस की पुढे चालायचा.

मला ते घडताना दिसतं, तेच वाईट आहे. तोच कंगवा, तोच खिडकीजवळचा पाट. मीही तिथेच कुठेतरी रांगत असणार.

दोन दिवस रजा टाकली. अशा अवस्थेत घाटात गाडी घालणं बरं नव्हे. बायको म्हणाली, आईंवर रागावलात का? मी म्हटलं, रागावता येत नाहीये, हाच तर घोळ आहे. पाणी मागत मेलेल्या माणसासाठी कुणी रेघ हलवत नाही, हे आईला कळलं होतं. ती विधवा होती, कडेवर पोर होतं, आणि समोर टेबलापलीकडे घड्याळ बघणारी माणसं होती. तिनं बाबांना बोलायला लावलं. पण तू आठ वर्षांची आहेस, हेही तिला कळायला हवं होतं. हे दोन्ही विचार माझ्या डोक्यात एकाच वेळी असतात आणि एकमेकांना ढकलत नाहीत. असं कधी झालं नव्हतं मला.

सही का केलीस, तेही तू सरळ लिहिलंस. पक्षाला वसाहतीतली मतं हवी होती, खोऱ्यातली मतं तशीही तुझ्या विरोधात जायला लागली होती. तू विरोध केला असतास तर कदाचित रोखता आलं असतं. केला नाहीस, कारण खोरं सुटलं की त्या कमानीखालून पुन्हा जावं लागणार नव्हतं. "यात माझा स्वार्थ होता आणि सुटकाही होती, किती काय होतं ते मला निवडून काढता येत नाही," असं लिहिलंयस. तू नुसती सुटका लिहिली असतीस, तर मी विश्वास ठेवला नसता.

म्हणजे आई गेल्यावर तू आली नाहीस, ती घमेंडीनं नव्हे. आणि मी गावभर सांगत सुटलो होतो की बाईंना आता आमच्या शेणामातीचा वास येतो.

इथे गावात दोन तट पडलेत. एका बाजूचे म्हणतात, कमानीवरचं वाक्य खरवडून टाका. दुसरे म्हणतात, हात लावून तर बघा. काल पंचायतीच्या ओट्यावर हमरीतुमरी झाली. चुलतकाका बराच वेळ ऐकत बसले होते. मग काठी टेकून उठले आणि म्हणाले, "तो ते बोलला नसेल. पण तिकडे ट्रकनं गेला होता ना? ते तर कुणी रचलं नाही." आणि घरी निघून गेले. त्यानंतर भांडायला कुणाला उत्साह राहिला नाही.

जेवत जा. फोटोत फार वाळलेली दिसतेस.

भाऊ

२ ऑगस्ट

ताई,

अंतिम नकाशा लागला. खोरं पलीकडे गेलं. कारण म्हणून लोकसंख्येचे आकडे दिलेत, आणि "खोऱ्यातील मतदान केंद्र कायम राहील" असं एक वाक्य. तुझ्या बोलण्याचा उल्लेख कुठेच नाही. एवढा स्फोट झाला आणि कागदाला चटकाही लागला नाही, याचं मला नवल वाटतं.

तुझं तिकीट कापल्याची बातमी कंडक्टरबाईंनी वाचून दाखवली. या वेळी मी वायपर लावले नाहीत. पक्षाला आकडे सांगणारी खासदार चालली असती, सत्य सांगणारी अडचणीची झाली, असं वसाहतीतला एक माणूस गाडीत म्हणत होता. मी त्याला अर्ध्या तिकिटात नेणार होतो, पण कंडक्टरबाई बधल्या नाहीत.

एक गंमत सांगू का? नवी मतदारयादी शाळेत लावलीय. तुझं नाव अजून आपल्या घराच्या पत्त्यावर आहे, माझ्या नावाच्या वर. तू ते कधी बदललंच नाहीस. म्हणजे स्वतःच्या सहीनं तू स्वतःलाही पलीकडे टाकलंस. बायको आणि मी खूप हसलो. मग बायको उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मतदानाला यायचं असेल तर ये. कुणी काही बोललं तर मी आहे.

१४ नोव्हेंबर

ताई,

मतदान करून तू लगेच गाडीत बसलीस आणि गेलीस. चहालाही थांबली नाहीस. मी रागावलो नाही. पण तू गेल्यावर जे झालं, ते तुला कळलंच पाहिजे.

सुरुवात तू असतानाच, रांगेत झाली. आपल्या पुढे शिंपीणआजी होती, खुर्चीवर बसलेली. तुला आल्यापासून ती न्याहाळत होती. रांगेतल्या कुणी तुला "या" म्हटलं नव्हतं, की "जा" म्हटलं नव्हतं. आणि तिनं एकदम तुझा हात धरला.

"तू होतीस ना गं त्या ट्रकमध्ये?"

"हो, आजी."

"माझा पोरगाही होता. तुझ्या बापाचं सगळ्यांनी सांगितलं, इतकी वर्षं. माझ्याचं कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. तो काही म्हणाला का गं?"

मला तर धक्काच बसला, कारण मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. पाच माणसं गेली असं मी जन्मभर सांगत आलो, आणि सांगताना बोलायला लावलं ते एकालाच. तू खाली वाकलीस, गुडघे टेकलेस आणि तिच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत राहिलीस. आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही. मग तुझा नंबर लागला.

काल आजी माझ्या गाडीत आली, अगदी माझ्यामागच्या सीटवर. गाडी अजून सुटली नव्हती. "तुझ्या बहिणीनं काय सांगितलं, ऐकायचंय?" म्हणाली.

खरं सांगतो, मनात आलं, ताईनं म्हातारीच्या समाधानासाठी पुन्हा एक वाक्य रचलं की काय. मला ते ऐकायचं नव्हतं. पण नको म्हणायच्या आतच ती बोलायला लागली.

तिचा मुलगा शेवटपर्यंत तुझ्याशी बोलत होता म्हणे. त्याचे पाय ट्रकखाली अडकले होते. तू झोपू नयेस म्हणून तो त्या पळालेल्या ड्रायव्हरच्या नकला करत होता. तू थंडीनं काकडायला लागलीस तेव्हा त्यानं कसाबसा अंगातला स्वेटर काढून तुला घातला. त्यानंतर थोड्या वेळानं बोलायचा थांबला. तुला तसंच शहरातल्या दवाखान्यात नेलं आणि स्वेटर तिथेच राहिला म्हणे.

"हिरवा होता," आजी म्हणाली. "मी विणलेला. त्याला घरी आणलं तेव्हा अंगावर नुसता सदरा. एवढ्या थंडीत! मला वाटलं, मेलेल्या माझ्या पोराच्या अंगावरून कुणीतरी स्वेटर चोरला. खोऱ्यातल्या एकेका माणसाकडे मी संशयानं बघितलंय रे. तुझ्या चुलतकाकाशी तर मी त्यावरून बोलत नाही अजून." मग तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "नकला करत होता! मेला चावट. अगदी तसाच होता तो."

हसताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कंडक्टरबाईही रडत होत्या. मी पुढे काचेकडे बघत बसलो. स्वेटरचं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ताई. ते तुला ठाऊक असायला दुसरी वाटच नाही. तू रचलं नव्हतंस.

गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. कुणीही तक्रार केली नाही. घाट उतरून शहरात पोचेस्तोवर आजी त्या मुलाबद्दल सांगत होती आणि सगळी गाडी ऐकत होती. मी त्याच्याबद्दल एवढं पहिल्यांदाच ऐकलं. शाळेतून पळून जायचा. शिट्टी झकास वाजवायचा.

आज सकाळी आपल्या दारात दोन माणसं उभी होती. एकाची आत्या त्या ट्रकमध्ये होती, एकाचे वडील. पाचव्या माणसाची बहीण परगावी असते. तिचाही दुपारी फोन आला. कुणी भांडायला आलं नव्हतं. तिघांचं एकच विचारणं होतं, ताई परत कधी येणार?

मी सांगून टाकलंय की येईल. तुला न विचारता सांगितलं, त्याबद्दल बोल लाव. पण ये. जे आठवतं तेवढंच सांग, आणि जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणून सांग. ते ऐकून घेतील, मी त्यांना तशी कल्पना दिलीय. सांगताना मी शेजारी बसेन. स्टँडवरून सकाळची गाडी मीच चालवतो, पुढची डावीकडची सीट तुझ्यासाठी धरून ठेवतो.

तुझा धाकटा